तक्रारवही

सेन्या बेटावर नोव्हेंबरअखेर सूर्य जातो
तो जानेवारीतच परततो.
हे इथे कुणी कुणाला सांगत नाही.
टोर्गुनच्या कोंबड्यांना मात्र
कुणीतरी सांगायला हवं होतं.

तीन कोंबडे.
पहिला लेन्समान, म्हणजे फौजदार,
तांबूस, एका डोळ्याने अधू, छाती कायम पुढे.
दुसरा पांढरा. त्याला नाव नाही.
तिसऱ्याचा तुरा दोन हिवाळ्यांमागे गोठून गळाला,
तेव्हापासून तो हवा धरलेल्या पंपासारखा ओरडतो.

मी रात्री कारखान्यात कॉडची डोकी उडवतो,
दोनला सुटतो, तीनला पडतो,
आणि तीन चाळीसला

म्हणून वही आणली. निळी, चौकड्यांची.
पालिकेतली बाई म्हणाली होती, पुरावा लागेल,
तारीख, वेळ, किती वेळा.

२ डिसेंबर. ३.४०. फौजदार.
पंधरा सेकंद गप्प.
मग पांढरा. मग पंप.
३ डिसेंबर. ३.३८. तोच क्रम.
४ डिसेंबर. ३.३५. तोच.

एकदा कपाळावर दिवा बांधून
खुराड्याच्या फटीतून पाहिलं.
थोरला आरवेपर्यंत पांढरा चोच उघडत नाही.
मान ताणतो, पंख झाडतो, आणि थांबतो,
साहेबाच्या सहीसाठी खोळंबलेल्या कारकुनासारखा.

आणि वेळ रोज दोन-तीन मिनिटं अलीकडे.
बाहेर त्यांना सांगणारं काही नाही,
काळोख तोच, बंदरातला पिवळा दिवा तोच,
तरी आत कुठेतरी, काळजाच्या आसपास म्हणा,
एक घड्याळ. जरा पुढे जाणारं.

टोर्गुन म्हणाली, एलिंग, झाकते मी त्यांना.
तिने माशांचे क्रेट उपडे घातले,
वर जुनं शिडाचं कापड.
१३ डिसेंबर. ३.१२. आवाज बसका, पण तिन्ही.
इथे झाकूनही कोंबडं गप्प बसेना
आणि उघडं ठेवूनही तांबडं फुटेना.
दोघंही हसलो. तिने कॉफी ओतली.
किटलीत अजून दोघांपुरतीच होते, म्हणाली,
हात ऐकत नाही.

२७ डिसेंबर.
मी बूट काढत होतो, पेन जवळच.
२.३७ झाले. २.४०.
तीन.

सकाळी, म्हणजे आम्ही जिला सकाळ म्हणतो तेव्हा,
टोर्गुनच्या दारात फौजदार पिशवीत होता,
पाय ताठ, नखं पिवळी.
जमिनीत कुदळ शिरेना.
होडीच्या शेडमध्ये ठेवला, बर्फ वितळेपर्यंत.
नवऱ्यालाही थांबावं लागलं होतं, ती म्हणाली,
एप्रिलपर्यंत.

२८ डिसेंबर. नाही.
२९. नाही.
३० ला मी पुन्हा फटीशी.
अडीचला पांढरा उठला, मान ताणली,
पंख दोनदा झाडले,
आणि वरच्या दांडीकडे पाहत राहिला.
दांडीवर कुणी नव्हतं.
पंपही पांढऱ्याकडे पाहत होता.
वहीत काय लिहावं कळेना.
शांततेची तक्रार घेतात का पालिकेत?

त्या तीन रात्री मला झोप लागली नाही.

१ जानेवारी, गावातले फटाके संपल्यावर, २.२५.
अर्धाच आवाज,
कुलपात चुकीची किल्ली फिरवावी तसा.
मग काही नाही. मी मोजत बसलो. आठ. नऊ.
मग पुन्हा, या वेळी शेवटपर्यंत,
आणि पंधरा सेकंदांनी पंप.
मी उशीवर पालथा झालो. वेळ तेवढी लिहिली.

जानेवारीतल्या एका दुपारी
सूर्य डोंगरावर बोटभर आला.
सगळं गाव शाळेच्या मैदानात,
पोरांच्या तोंडाला पिठीसाखर,
कुणी टोपी काढली, कुणी उगाच खोकलं.
टोर्गुन पांढऱ्याला काखेत घेऊन आली,
बघ म्हणाली, आणि खाली सोडला.

त्याने एक डोळा वर केला.
बर्फ उकरलं.
एक दाणा सापडला, तो खाल्ला.
आजचं आरवणं त्याने केव्हाच उरकलं होतं.