सुटी

आमच्या दुकानात एक कात्री आहे,
काळ्या मुठीची, सुतळीनं गल्ल्याला बांधलेली.
पत्ता कापायला.

रात्री साडेनऊनंतर वैजयंता खरात येते
केटररकडच्या चपात्या लाटून,
कोपराला पीठ तसंच.
चिठ्ठी काढते, चार महिन्यांपूर्वीची,
घडीवर फाटलेली.
"सहा द्या."
मग पाकीट चाचपून, "तीनच द्या.
एकाआड एक घेते."
मी कापतो.
तारीख छापलेला तुकडा दुकानात ठेवायचा,
हा धंद्याचा नियम.
तिच्या तळहातावर पडतात तीन गोळ्या
बिनतारखेच्या.

नाक्यापलीकडच्या टॉवरमधून दामलेसाहेबांचा फोन येतो,
"नेहमीचं, तीन महिन्यांचं पाठवून द्या."
गोळी तीच.
त्याच कारखान्यातली, तेवढीच पांढरी.
पूर्ण पत्त्यावर वीस टक्के सूट.
सुट्या गोळीला सूट नाही.
हे मी ठरवलेलं नाही.
बोर्ड मात्र मीच लिहिलाय,
स्केचपेननं, चांगल्या अक्षरात.

साहेबांचं दुखणं खोटं नव्हतं, हेही सांगतो.
मागच्या वर्षी सही करताना
त्यांचं पेन पावती सोडून काउंटरवर गेलं होतं,
ती रेघ अजून आहे.
कंपनीनं सहा आठवडे रजा दिली, पगारी.
दर मंगळवारी पडद्यावर एक बाई
त्यांचं सगळं ऐकून घ्यायची, बिल विम्याकडे.
साहेब बरे झाले.
मुलाची शाळा, गाडीचा हप्ता, कशालाच
काही कळलं नाही.

वैजयंताला ज्या दिवशी उठवत नाही
त्या दिवसाला रजा म्हणत नाहीत.
खाडा म्हणतात.
एका खाड्याचे चारशे.
सलग तीन झाले की लाटणं दुसरीच्या हातात.
ऑगस्टमध्ये झाले तीन.
मग काम नाही म्हणून गोळी नाही,
गोळी नाही म्हणून झोप नाही,
झोप नाही म्हणून—
पुढचं मला पाठ आहे,
उधारीच्या वहीत ते सरळ खाली उतरत जातं.
वहीत मी आजाराचं नाव लिहीत नाही.
आकडा लिहितो.
तिच्या मुलीनं बारावीचा क्लास सोडला
तोही त्या आकड्यात कुठेतरी आहे.

एकदा मी शहाणपणा केला.
म्हटलं, सरकारी दवाखान्यात ही फुकट मिळते.
ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच.
"फुकट कुठली, भाऊ?
सकाळी सातला नंबर लावायचा,
दुपारी दोनला गोळी.
ती चारशेला पडते."

आणि तौफिक, पार्सलवाला,
त्याला वाटतं त्याला ॲसिडिटी आहे.
सिग्नलला थांबलं की छातीवर कोणीतरी बसतं, म्हणतो,
पाच रुपयांची पुडी फाडतो, पाण्याशिवाय गिळतो,
तोवर मोबाइल वाजतो.
डॉक्टरला दाखव, म्हणालो.
त्यानं घड्याळ दाखवलं.

मी काही डॉक्टर नाही. माणसं नाही, पत्ते मोजतो.
तरी महिनाअखेरीला माल जुळवताना
ड्रॉवरमध्ये कापलेले तुकडे सापडतात,
दोन खड्ड्यांचे, एका खड्ड्याचे,
प्रत्येकावर ठळक तारीख
आणि आत काही नाही.

काल तिला नवीन काम लागलं, वाशीनाक्याला,
पोळीभाजी केंद्रात. रोजावर.
आली, तीन मागितल्या.
मी चार कापल्या, तीनचे घेतले.
तिनं मोजल्या, एक परत सरकवली काचेवरून.
"वहीत नको वाढवू."
जाताना पायरीवर थांबली.
"तुम्हाला सुटी कधी असते?"
रविवारी, म्हटलं, दुपारनंतर.
"मग शनिवारी येते," म्हणाली,
"सुटे घेऊन."