नमुन्याच्या फरश्या

जीपच्या मागच्या सीटवर सहा फरश्या,
पेपरात गुंडाळलेल्या, भाकरीसारख्या.
फायलीत टेंभुरखेड आरोग्य केंद्राचा नकाशा:
प्रतीक्षागृह, खुर्च्या चोवीस, स्टीलच्या.

डोंगरवार सिस्टरने नकाशा उघडलाच नाही.
व्हरांड्याकडे बोट केलं.
खुर्च्या आत्ताही होत्या सात. सातही रिकाम्या,
फक्त एकीवर कुणाची तरी पिशवी.
बाया भिंतीला पाठ लावून खाली,
पाय लांब केलेले,
टाचांखाली पांढरी चकचकीत फरशी,
आमच्याच खात्यानं बसवलेली, मागच्याच्या मागच्या साहेबांच्या काळात.

"हिच्यावर कोंडाबाई पडली," सिस्टर म्हणाली.
"सातव्या महिन्यात. फिनाईलचं पाणी सुकलं नव्हतं."
पुढचं सांगितलं नाही.
मी वहीत लिहिलं: घर्षण.
मग पेनचं टोपण सापडेना.

सिस्टरने फरश्या अंगणात मांडल्या, ओळीनं,
साबणाच्या पाण्याची बादली उपडी केली,
आणि हाक मारली,
"लचमा, ये वं. चाल यावरून. हळू."

लचमा आत्राम, नववा लागलेला,
एका हाताला आशाताई, दुसऱ्याला सिस्टर.
पहिलीवर पाय ठेवला नि उचलला,
"माय वं, सरकते."
दुसरी: "बरफ हाये का?"
तिसरी माझ्या आवडीची, संगमरवरी नक्षीची:
"हे सायबाच्या घरची. हिच्यावर बसाले भेव लागते."
चौथी, पाचवी न बोलताच ओलांडल्या.
सहावी विटकरी, खरखरीत,
दुकानदारानं उगाच वर टाकलेली.
तिथं थांबली. अंगठा घासून पाहिला.
मग खालीच बसली, तेवढ्या एका फुटात,
जमेल तशी, गुडघ्यावर हात देऊन.
"हे बरी हाये. अंगणावानी."

मग भांडण, चांगलं तासभर.
सिस्टर म्हणे, बाळंतखोलीत विटकरी नको,
रक्त रक्तासारखं दिसलं पाहिजे,
किती गेलं ते मला फरशी सांगते.
लचमा म्हणे, आमाले दिसलं का जीव घाबरते.
मी खोडत गेले, काढत गेले:
दारापासून खाटेपर्यंत विटकरी,
पायथ्याशी फिकी, जिथं फक्त सिस्टर उभी असते.
भिंतीचे कोपरे गोल, पोछा अडकू नये म्हणून.

"आता तुम्ही झोपून बघा," सिस्टर म्हणाली.
झोपले, बुटांसकट.
पंखा दिसला. पंख्यावरचं जाळं.
खिडकीचा काठ साडेतीन फुटांवर.
दीड फूट खाली घेतला असता
तर मागचा मोह आत आला असता, खोडापासून.

अंदाजपत्रक परत आलं, लाल शाईत:
खिडकीची उंची मानकाप्रमाणे नाही.
खिडकी गेली. फरशी राहिली.
'चपला बाहेर काढा' या पाटीचे चारशे वीस रुपये
मी न मागता मंजूर.

चैतात गेले, मोजमाप घ्यायला.
पाटी स्टोअरमध्ये, सलाईनच्या खोक्यांमागे.
पायरीवर चपला, जोड्या कमी, एकेकट्या जास्त.
आडकू मिस्त्रीनं एक फरशी तिरकी बसवलीय, दाराजवळ,
आणि नेमकी तिच्यावर लचमाची पोर,
लसीचा मांडीवरचा कापूस सोडवत,
ओल्या ढुंगणानं बसलेली.

बाळंतखोलीत खाट उंच वाटली.
वाकून पाहिलं: चारी पायांखाली दोन-दोन विटा,
बाजूला चढायला लाकडी पाट.
सिस्टर खिडकी पुसत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

मी बूट काढले. पाटावरून चढले, आडवी झाले.
खोड नाही दिसत अजूनही.
पण शेंडा आहे, तांबूस पालवीचा,
आणि त्यावर एक साळुंकी, जागा बदलत.

खाली उतरून मी सगळं मोजलं,
फरशी, गोल कोपरे, दार.
मोजमाप-वहीत त्या आठ विटा लिहिल्या नाहीत.