पोर, पारा

शिरोलीच्या फाउंड्रीतनं सुटून थेट क्लासला,
नखांत अजून काळी वाळू.
मुजावर सर फळ्यावर दोन स्पॅनिश शब्द लिहितात:
पोर. पारा.
मागच्या बाकावर हसू फुटतं.

इंग्रजीत दोन्हीला ‘फॉर’च,
एकाच पोत्यात गूळ आणि खडेमीठ.
"पारा म्हणजे साठी," सर सांगतात,
"पोर म्हणजे मुळे, बदली, पायी...
जिथनं आलो ते पोर,
जिकडं निघालो ते पारा."

त्यांचा शब्द पुढं चालतो, कंदील धरून.
आपला मागनं येतो,
आणि तो यायच्या आधीच
‘तू’ वाकून ‘तुझ्या’ होतो.

गृहपाठ: स्वतःचं एक वाक्य.
मी पुण्याची नोकरी सोडली, रिकामी जागा, आबा.
इंग्रजीत हे कितीदा सांगितलंय,
इंटरव्ह्यूत, न अडखळता.

कावळा नाक्यावर के.एम.टी. येते, जाते.
वही मांडीवर.
पारा लिहिते. खोडते.
पोर लिहिते,
तोवर मोबाइल वाजतो.
आबा.
"पोरी, कुठवर आलीस?"