रूढी

जर्मनीच्या गिऱ्हाइकाला कागद हवा होता
की इथं माणसं एकमेकांशी नीट वागतात,
म्हणून उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीत
शुक्रवारी भट्टी दोन तास उशिरा पेटली.

कॅन्टीनची बाकं भिंतीला सारली.
बेंगळूरहून सहना मॅडम आल्या,
फळ्यावर निळ्या शाईनं लिहिलं : अवघड संभाषणं.
त्यांचं कन्नड धुतलेलं. आमचं वाळू-कोळशातलं.
आणि मोल्डिंगची निम्मी पोरं खानापूरकडची, मराठी.
तेव्हा मध्ये मला उभं केलं.
मी स्टोअरकीपर. दोन्ही भाषांत पावत्या फाडतो.

‘मनात असेल ते बोला,’ मी म्हटलं, मॅडमच्या वतीनं.
पंखा तेवढा बोलला.

मला वाटलं होतं, भाषेवर घसरतील.
नोव्हेंबरच्या एक तारखेला
इथं एकाच्या दंडाला काळी फीत असते,
दुसऱ्याच्या गळ्यात लाल-पिवळा पट्टा,
आणि दोन तारखेला दोघं मिळून
एकाच पळीतला रस साच्यात ओततात,
हात हलला तर दोघंही भाजतील असे.

पण मॅडमनी कोपऱ्यातल्या पिंपाकडं बोट केलं.
‘ते फेटलिंगचे काका
पाणी प्यायला बाहेरच्या नळावर का जातात?’

कल्लाप्पा कोलकार. बावीस वर्षं.
कास्टिंग धुवायचा नळ, दोन्ही हातांची ओंजळ.

बसगौडा म्हणाला, ‘अवंग रूढी ऐत्री.’
आवाजात काही वाईट नव्हतं.
उलट कौतुकच, घरच्या म्हाताऱ्याबद्दल बोलावं तसं.

मी मराठीकडं वळलो
आणि तोंडात शब्द अडकला.
त्याच्या रूढीचं मराठी होतं सवय.
सवय एका माणसाची असते,
तपकिरीसारखी, डाव्या कुशीवर झोपण्यासारखी.
आमच्या रूढीला मात्र अख्खं गाव लागतं.

मी भाषांतर केलंच नाही.
‘त्याला रूढी आहे,’ म्हटलं, आणि गप्प झालो.

‘न्हवं गा,’ मागून परशा गुरव ओरडला,
‘सवय म्हन, सवय!’
बसगौडानं मान हलवली. सगळ्यांनीच हलवली.
इतकं एकमत या गावात
मी कधी पाहिलं नव्हतं.

कल्लाप्पाला विचारलं.
तो टोपी काढून उठला.
‘नळाचं पाणी गार लागतंय,’ म्हणाला.
कुठल्या भाषेत म्हणाला, आठवत नाही.
मॅडमनी ते फळ्यावर लिहून घेतलं.

दुपारी जिन्यावर सुपरवायझर हळूच :
‘कंग्राळकर म्हणजे गावाचं आडनाव झालं.
तसे तुम्ही कुणापैकी?’
संध्याकाळी गेटपास घेताना बसगौडा :
‘नीव याव मंदी, री?’
पाट्यांवरून डोकी फोडणाऱ्या दोन भाषा,
प्रश्न अगदी मापात एक.

शाळेत घालताना बापानं ते लावलं होतं.
गावाच्या नावात गल्ली दिसत नाही.
त्याच्या जोरावर मी अठरा वर्षं
पिंपातलं पाणी पितोय,
पेल्याची साखळी माझ्या तोंडापर्यंत पोचते.
कल्लाप्पा माझ्या आत्याच्या गल्लीतला.
त्याला सगळं ठाऊक. एका शब्दानं कुणाला बोलला नाही.

मी काय उत्तर दिलं, इथं लिहीत नाही.
तुम्हीही आत्ता मनात तेच विचारलंत.

फॉर्म आला, दोन्ही लिप्यांत :
आज आपण काय शिकलात?
तीन ओळी रिकाम्या. मी तारीख घातली.

सोमवारी पिंपापाशी गेलो, पेला उचलला,
साखळी वाजली. ठेवला.
मागच्या दारानं नळावर गेलो.
धार बारीक होती, कल्लाप्पा ओंजळ धरून वाकलेला.
त्याच्यामागं उभा राहिलो.

‘आत जा गा,’ तो न वळता म्हणाला,
‘पिंपातलं गार असतंय.’