पारडी बदलून

धोटा-सहा माझा, धोटा-सातही माझाच.
दोघांना मीच लिहिलं, साखर पेठेतल्या माडीवर,
खाली काकांचे माग खडखडत असताना.
सात जास्त चांगला खेळतो, हे मला माहीत होतं.
मला माहीत असून भागत नाही, एवढीच अडचण.

पहिल्या रात्री पन्नास डाव.
सातला अठ्ठावीस गुण, सहाला बावीस.
मी रात्रीच फोन लावला भाग्यलक्ष्मी कमटमला;
संख्याशास्त्र शिकते, आणि खोटं कौतुक करत नाही.
"पन्नासच? नाणं उडव पन्नासदा,
तेही एखाद्या रात्री तुझ्या बाजूनं पडेल.
आणि पांढरी मोहरी कुणाकडं होती?"

पांढरी जास्त वेळा सातकडे होती.
मुद्दाम नव्हे.
पण अगदीच नकळत, असंही म्हणवत नाही.

नायना अक्कलकोट रोडला टॉवेल तपासतात.
त्याआधी वीस वर्षं सूत तोललं, हातातल्या तराजूवर.
बुद्धिबळात घोडा अडीच घरं जातो, एवढंच ऐकून आहेत.
जेवता जेवता म्हणाले,
"तराजूत खोट आहे का बघायचं, तर पारडी बदलायची.
इकडचं सूत तिकडं.
तरी काटा त्याच अंगाला झुकला,
तर सुताला बोल लावू नये."

मग वहीत लिहिलं, खेळ सुरू होण्याआधी:
दोन हजार सुरुवाती,
प्रत्येक सुरुवात दोनदा, रंग बदलून.
वेळ सारखा, स्मृती सारखी,
दुसऱ्याच्या वेळात विचार करायचा नाही.
चार हजार डाव झाल्याशिवाय थांबायचं नाही.
खाली भाग्यलक्ष्मीनं स्वतःच्या अक्षरात भर घातली:
सात पुढे असला, तर मुळीच नाही.

नवी पेठेतून आणलेली दोन जुनी यंत्रं,
एकाच कंपनीची, एकाच वर्षाची.
डावीकडे सहा, उजवीकडे सात.
मे महिना. पत्र्याखाली चव्वेचाळीस.
दोन हजार सहाशे डावांनंतर
सात एवढा पुढे, की मी काकांना पेढे आणायला सांगणार होतो.

तिनं नोंदी तासांप्रमाणे लावल्या.
"दुपारी जिंकतो, रात्री बरोबरी करतो.
तुझा सात काय उन्हाळी पीक आहे?"

मग आम्ही दोघांनी एकदमच पंख्याकडे पाहिलं.
मान मोडलेला टेबलपंखा,
वारा फक्त उजवीकडे.
डावीकडचा सहा दुपारभर तापून, धापा टाकत,
अर्ध्या वेगानं विचार करत होता बिचारा,
आणि मी त्याच्या हरण्याला
माझी हुशारी समजत होतो.

मोहऱ्यांची पारडी बदलली होती. यंत्रांची राहिली.
पंखा तिकडे कुणी वळवला, हे तिनं विचारलं नाही.
मी बसायचो तिकडेच.

दोन हजार सहाशे डावांवर तिनं एक आडवी रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी.

पुन्हा पहिल्यापासून.
आता एकच यंत्र, आळीपाळीनं दोघांचं.
फक्त रात्री, माग थांबल्यावर.
वीज गेली की ती जोडीच बाद,
मग त्यात सात जिंकत असो की मरत.
एकदा सुंदर डाव गेला असा,
उंट देऊन राजाला कोपऱ्यात गाठलं होतं सातनं,
आणि सगळी गल्ली काळोखी झाली.
मोजला नाही.

सहा रात्री.
सात: दोन हजार अकरा.
सहा: एक हजार नऊशे एकोणनव्वद.
काट्याच्या थरथरीहून लहान फरक.

मी लिहिलं: सात सरस आहे की नाही, ठरलं नाही.
लिहून बराच वेळ पेन हातातच ठेवलं.

नायना पाळीला निघाले होते.
चष्मा वर करून त्यांनी ओळ वाचली, दोनदा.
"ठरलं नाही, हे पण लिहितात होय?
आमच्याकडं दोनच शिक्के.
पास, नाहीतर रिजेक्ट."

डबा उचलला, चपला घातल्या,
आणि उंबऱ्यात थोडे थांबले,
जुना कुठला तरी टॉवेल
अजून हातात असल्यासारखे.