बाहुली

लाउशाच्या चढावर, स्लेटच्या छपराखाली
मी डोळे करते.
या गावात आधी बाहुल्यांचे डोळे होत,
मग डोळ्यांतल्या बाहुल्या होऊ लागल्या.
ज्योत तीच, फुंकरही तीच.

ओर्टविन आला तो चिडलेलाच.
स्प्रूसची फांदी डाव्या डोळ्यात गेलेली.
"रानानं घेतला," म्हणाला,
"रानाशी भांडायचं कसं?"
मी म्हटलं, खिडकीतून बघ,
आहे त्या डोळ्यानं बघ,
झाडं कशी उभी आहेत, वहीतल्या ओळींसारखी.
तुझ्या पणजोबांच्या काळात
वनखात्यानं दोरी धरून लावली ती.
आता भुंगेरा लागलाय, साली सुटताहेत.
भुंगेऱ्याला कुणी बोलावलं नव्हतं.
की त्या ओळींनीच बोलावलं?

तो गप्प.
मग म्हणाला, "केवढ्याला पडेल?"

पांढऱ्या नळीचं टोक तापवून फुगा काढला.
त्यावर करडा, मग शेवाळी, मग जरासा जळका मध,
त्याच्या उजव्या डोळ्याकडे बघत बघत.
केसाएवढ्या लाल काचेनं शिरा ओढल्या.
शिकत होते तेव्हा मी शिरा गाळायचे,
डोळा स्वच्छ दिसावा म्हणून.
हेडविगबाई तो उजेडात धरून म्हणायच्या,
"हा बाहुलीला दे.
माणसाला जागरणं असतात."

एक गोष्ट मात्र विचारावीच लागते.
जिवंत बाहुली उन्हात आखडते, अंधारात पसरते;
काचेतली एकदा ठरली की ठरली.
"कुठल्या उजेडाची देऊ?"
त्यानं बराच वेळ हातातली टोपी फिरवली.
"स्वयंपाकघरातल्या. संध्याकाळी सहाच्या.
वाल्ट्राउट तेव्हा माझ्याकडे नीट बघते."

काच दीड-दोन वर्षांत खरखरीत होते,
नवी करावी लागते.
तिसऱ्या डोळ्याच्या वेळी तो एकटाच आला,
काळा कोट, बाहीवर कुत्र्याचे केस.
खुर्चीत बसला आणि दोन्हींकडून पाणी आलं.
उजवीकडचं त्यानं पुसलं.
डावीकडच्याला हात लावून
बोटांकडे बघत राहिला,
परक्याचं पत्र आपल्या पेटीत सापडावं तसा.
"हे कुणाचं?"

मी सांगितलं: ग्रंथी पापणीच्या वर असते,
तिला फांदीनं स्पर्श केला नाही.
ती पाणी सोडते. खाली काय बसवलंय
ते तिला कुणी कळवलेलं नाही.
हे सांगताना मला वाटलं, मी काहीच सांगत नाहीये.

कागदी रुमालांचं खोकं पुढे केलं.
त्यावर हिरव्या अक्षरांत 'नैसर्गिक' छापलेलं.
दोघांनीही ते वाचलं,
तो नाकातून हसला, मीही.

मग मी ज्योत पेटवली, नळी हातात घेतली
आणि नेहमीचा प्रश्न जरा हळू विचारला:
बाहुली तेवढीच ठेवू,
की या वेळी बदलायची?

"तेवढीच," म्हणाला.
"सहाचा दिवा आता मीच लावतो."