रिकामी चढाई

अंबादास गुर्रम परत आलाय, रेवणसिद्ध म्हणाला,
गुणपत्रिकेवरून मान वर न करता.
लीगवाल्यांनी सोडला म्हणे. गुडघा.

दोन वर्षांपूर्वी तो निघाला तेव्हा
मी नियमांचा एक कागद त्याच्या खिशात कोंबला होता.
कॉलेजचे पंच आम्ही, दुसरं काय देणार?

लिहिलं होतं: तिथं मॅट असते, पायात बूट असतात,
बोटांनी जमीन धरता येणार नाही.
तिथली रेष चिकटवलेली.
आपली फक्कीची, पाच मिनिटांत निम्मी
पोरांच्या पोटऱ्यांना लागून घरी जाते,
मग निदान रेषा कुठं होती
ते मी आणि सिद्धेश्वर मिळून ठरवतो.
तिथं कॅमेरा ठरवतो.

लिहिलं होतं: तिघं किंवा त्याहून कमी उरले असताना
पकड जमली तर ती अव्वल पकड,
एक गुण जास्तीचा.
हे वाचून तो हसला.
"आमच्या कारखान्यात आठ माग होते, सर, तीन उरलेत.
बाबा एकटेच पकडून बसलेत.
जास्तीचा कोण देतंय बे?"
मला बे म्हणाला. मग जीभ चावली.

आणि सगळ्यात खाली, लाल शाईनं:
आपल्या मैदानावर रिकाम्या हातानं
कितीही वेळा परत येता येतं.
दम सोडू नको, निदान रेषा ओलांड, मध्यरेषेला ये.
गुण नाही मिळणार, पण जिवंत राहशील.
तिथं दोनदा रिकामा आलास
की तिसऱ्यांदा काहीतरी आणावंच लागतं.
नाहीतर बाद,
कुणी बोटही लावलेलं नसताना.

आज संध्याकाळी, अक्कलकोट रोडच्या मैदानावर,
पाणी मारलेल्या मातीतून अजून वाफ येत होती.
पलीकडच्या शेडमधून मागांची खटखट.
तो दोरीबाहेर उभा, महागडे बूट घालून.
मग खाली बसून त्यानं ते काढले,
मोजे घडी करून आत ठेवले,
आणि म्हणाला, "सर, मी एक घेऊ?"

एक नाही, तीन घेतल्या.
पहिली रिकामी. दुसरी रिकामी.
डावा पाय टाकताना ओठ मुडपत होता.
तिसरीला फर्स्ट इयरची पोरं
टीव्हीवर बघितलेलं सगळं ओरडायला लागली,
तिसरी! तिसरी!
सात जणांनी साखळी आवळली.
तो निदान रेषेपलीकडं गेला,
कुणालाच न शिवता वळला,
आणि पुटपुटत, दम धरून, लंगडत
मध्यरेषेवर आला.

पोरांनी माझ्याकडं बघितलं.
शिट्टी तोंडात होती, ती मी काढली,
टर्किश टॉवेलला पुसली.

रेवणसिद्ध म्हणाला, "काय लिहू?"
"शून्य."
"आणि बाद?"
"नियम वाच की," मी म्हणालो,
"आपला."

त्यानं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, शून्य काढलं.
अंबादास वाकून
पुसट झालेल्या रेषेवर
मुठीनं फक्की सोडत होता.